सासऱ्यांचा कर्करोग आणि पतींचा ‘पॉझिटिव्ह’ अहवाल : नातेवाइकांच्या रक्ततपासण्यांचा अर्थ कसा लावावा

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझे उत्तर नेमके कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपण मूळच्या साताऱ्याच्या, लग्नानंतर सिंगापूरला स्थायिक झालेल्या. पती कँटोनीज, म्हणजे दक्षिण चिनी, वंशाचे, वय ४१. सासऱ्यांना दोन महिन्यांपूर्वी नॅसोफॅरिन्क्सचा, म्हणजे नाकाच्या मागे आणि पडजिभेच्या वर जी पोकळी असते तिचा, कर्करोग असल्याचे निदान झाले. त्यांच्या थोरल्या भावाला हाच आजार पंधरा वर्षांपूर्वी झाला होता. घाबरून पतींनी एका खासगी प्रयोगशाळेत रक्त दिले आणि त्यात ‘ईबीव्ही व्हीसीए आयजीए’ ही चाचणी पॉझिटिव्ह आली. आता तीच प्रयोगशाळा एक ‘मिथायलेशन पॅनेल’ सुचवते आहे, आणि आपण व नऊ वर्षांची मुलगी यांनीही सगळ्या तपासण्या करून घ्याव्यात असा तिचा सल्ला आहे. पतींची झोप उडाली आहे. घरात सासऱ्यांच्या सोबतीला त्यांची धाकटी बहीण येऊन राहिली आहे, हेही आपण जाता जाता लिहिले आहे. त्या ओळीकडे मी शेवटी येईन.

आपण विचारले आहे की कोणती चाचणी करावी. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा की अहवाल हातात आल्यावर आपण पुढे काय वेगळे करणार आहोत. ज्या अहवालाने पुढची कृती बदलत नाही तो अहवाल घरात फक्त काळजी आणतो, आणि पतींच्या बाबतीत आत्ता नेमके तेच झाले आहे.

मी कान-नाक-घसा आणि डोके-मानेच्या कर्करोगाची शल्यचिकित्सक आहे. मुंबईत चोवीस वर्षे काम करते आणि त्याआधी एक वर्ष हाँगकाँगमध्ये शिकायला होते. महाराष्ट्रातल्या माणसाला हा कर्करोग क्वचितच होतो. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण इतके असतात की माझे काही सहकारी वर्षानुवर्षे नॅसोफॅरिन्क्सचा एखाददुसराच रुग्ण पाहतात. पण उपचारासाठी ईशान्येकडून मुंबईला येणाऱ्यांत, विशेषतः नागालँड, मणिपूर आणि मिझोरममधल्या रुग्णांत, तो वारंवार दिसतो. कोहिमा जिल्ह्यातील पुरुषांमध्ये त्याचे प्रमाण भारतात सर्वाधिक नोंदवलेल्या प्रमाणांपैकी आहे. त्यामुळे ‘माझ्या भावाला झाला, मला होईल का’ हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. आपल्या पतींना मी तपासलेले नाही, त्यामुळे इथे लिहिलेले सारे त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी ठेवावे एवढ्याच बेताचे आहे.

प्रथम विषाणूविषयी, कारण बहुतेक भीती त्याच्या नावातूनच येते. एप्स्टाइन-बार विषाणू, ज्याला आम्ही ईबीव्ही म्हणतो, १९६४ साली अँथनी एप्स्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी आफ्रिकेतील मुलांच्या एका लसीका-ग्रंथीच्या अर्बुदात शोधला. जगातील प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांच्या शरीरात तो असतो. लाळेतून पसरतो, भारतात तर बहुधा लहानपणीच शरीरात शिरतो, आणि एकदा शिरला की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींमध्ये आयुष्यभर निपचित पडून राहतो. आपल्या अंगात तो आहे, माझ्याही आहे. म्हणून ‘पतींच्या रक्तात विषाणू सापडला’ असे कोणी म्हटले असेल तर त्यात बातमी काहीच नाही, आणि एकाच ताटात जेवल्याने कर्करोग लागतो का या शंकेलाही इथेच उत्तर मिळते. विषाणू लागतो, कर्करोग लागत नाही.

मग हा आजार दक्षिण चीन आणि त्या वंशाच्या लोकांतच इतका का? विषाणू जगभर आहे, पण या कर्करोगाचे सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्व आणि आग्नेय आशियातले असतात, आणि सिंगापूरच्या चिनी समाजातही होक्किएन लोकांपेक्षा कँटोनीज लोकांत तो अधिक आढळत आला आहे. याला तीन धागे आहेत. पहिला आनुवंशिक : रोगप्रतिकारशक्तीची ओळखपाळख ठरवणारी जी एचएलए जनुके असतात, त्यांचे काही प्रकार धोका वाढवतात आणि काही कमी करतात. दुसरा आहाराचा : चिनी पद्धतीची खारवलेली मासळी, विशेषतः तान्ह्या वयात पेजेबरोबर भरवलेली. तिसरा खुद्द विषाणूच्या वाणाचा : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दक्षिण चीनमध्ये फिरणारे ईबीव्हीचे काही उपप्रकार अधिक धोक्याचे आढळले. हे तिन्ही धागे कुटुंबात एकत्र गुंफलेले असतात, कारण एका घरातली माणसे रक्त, जेवण आणि लाळ तिन्ही वाटून घेतात.

या गुंफणीचा हिशेब असा. रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकाला, म्हणजे आईवडील, भावंडे किंवा मुले यांना, हा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या साधारण चार ते दहा पट मानला जातो. ‘चारपट’ हा शब्द ऐकून माणूस हादरतो, म्हणून मी नेहमी तो उलगडून सांगते. दक्षिण चीनमधील अधिक प्रमाणाच्या भागात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत हा आजार होण्याची शक्यता कुटुंबात रुग्ण नसलेल्यांत सुमारे ०.९ टक्के आणि सख्खा नातेवाईक रुग्ण असलेल्यांत सुमारे ३.७ टक्के आढळली. म्हणजे आपल्या पतींसारख्या शंभर माणसांपैकी शहाण्णवांना हा आजार चौऱ्याहत्तरीपर्यंत होणारच नाही, तेही आजाराचे माहेरघर असलेल्या प्रदेशात. काकांचा आजार त्या आकड्यात थोडी भर घालतो, पण चित्र पालटत नाही.

आता पतींच्या अहवालाकडे येऊ. ‘व्हीसीए’ म्हणजे विषाणूच्या कवचातले प्रथिन आणि ‘आयजीए’ म्हणजे नाक, घसा, आतडे यांच्या आतल्या अस्तराशी निगडित असलेला प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) वर्ग. बहुतेक सगळ्यांच्या रक्तात ईबीव्हीविरुद्धचे आयजीजी प्रतिपिंड असतात. ते जुन्या संसर्गाची खूण, त्याला इथे काही किंमत नाही. आयजीए वाढला तर मात्र विषाणू अस्तरात कुठेतरी पुन्हा जागा होऊन स्वतःच्या प्रती काढतो आहे असा तर्क करता येतो. चीनमधील विषाणुतज्ज्ञ झेंग यी यांनी ग्वांगशी प्रांतात, वुझोऊ परिसरात, सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून हजारो निरोगी लोकांची ही चाचणी केली आणि लक्षणे नसलेले रुग्ण शोधून काढले. तैवानमध्ये नऊ हजार सहाशे नव्याण्णव पुरुषांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात व्हीसीए आयजीए आणि आणखी एक प्रतिपिंड असे दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांना दोन्ही निगेटिव्ह असलेल्यांच्या तुलनेत ३२.८ पट धोका आढळला. दक्षिण चीनमधल्या निरीक्षणांत असेही दिसले की हे प्रतिपिंड आजार उघड होण्याच्या सुमारे तीन वर्षे आधीपासून चढेच राहतात. म्हणजे चाचणी निरर्थक नाही.

पण इथे एक अडचण आहे, आणि जाहिरातीच्या पत्रकात ती लिहिलेली नसते. वरचे बहुतेक अभ्यास सर्वसाधारण लोकसंख्येचे आहेत. रुग्णांच्या नातेवाइकांत हेच प्रतिपिंड मुळातच जास्त असतात. तैवानमध्ये ज्या घरांत एकापेक्षा अधिक रुग्ण होते अशा कुटुंबांतील निरोगी नातेवाइकांचा पाठपुरावा झाला, तेव्हा ईबीएनए-१ या विषाणू-प्रथिनाविरुद्धच्या आयजीए चाचणीने पुढे आजारी पडलेल्या चौदांपैकी बारा जण आधीच ओळखले, ही चांगली गोष्ट. मात्र जे निरोगीच राहिले त्यांच्यापैकीही जवळजवळ निम्मे त्याच चाचणीत पॉझिटिव्ह ठरले. विचार करा, ज्या घराला चाचणीची सर्वाधिक गरज आहे, त्याच घरात ती माणसामाणसांत फरक करण्यात सर्वांत दुबळी ठरते. गावात पाऊस पडल्याची खबर छत्रीवरून कळते खरी, पण ज्या घरात सगळेच छत्री घेऊन फिरतात तिथे छत्री पाहून काय समजणार? म्हणून पतींचा एक पॉझिटिव्ह आयजीए अहवाल मी ‘या माणसावर अधिक लक्ष ठेवावे’ एवढ्याच अर्थाने वाचेन. तो त्यांच्या कुटुंबाची आणि विषाणूची खूण आहे. गाठीची खूण ठरायला त्याला दुसऱ्या कशाची तरी साथ लागते.

ती साथ आज सर्वांत चांगली कोण देते? रक्तद्रवातील, म्हणजे प्लाझ्मातील, ईबीव्हीचा डीएनए. कर्करोगाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातील विषाणूच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सांडतात. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतील डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास हे तुकडे मोजता येतात हे दाखवले. (गरोदर स्त्रीच्या रक्तात गर्भाचा डीएनए सापडतो हे दाखवणारे तेच, आज गर्भाच्या गुणसूत्रदोषांसाठी आईचे रक्त तपासतात त्याचे मूळ त्यात आहे.) पुढे त्यांच्याच गटाने लक्षणे नसलेल्या, ४० ते ६२ वयाच्या २०,१७४ चिनी पुरुषांची तपासणी केली आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. हा अभ्यास मी माझ्या विद्यार्थ्यांना आकड्यांसकट पाठ करायला लावते, कारण चाळणी कशी असावी हे त्यातून कळते. पहिल्या रक्तात १,११२ जण पॉझिटिव्ह आले. चार आठवड्यांनी त्यांचे रक्त पुन्हा घेतले, तेव्हा फक्त ३०९ जण पॉझिटिव्ह उरले. त्यांना दुर्बिणीची तपासणी आणि एमआरआय सुचवले गेले आणि त्यांच्यापैकी ३४ जणांत कर्करोग सापडला. चाचणीची संवेदनशीलता, म्हणजे आजारी माणसांना पकडण्याचे प्रमाण, ९७.१ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे निरोगी माणसांना निरोगी ठरवण्याचे प्रमाण, ९८.६ टक्के भरली. सापडलेल्यांपैकी ७१ टक्के पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात होते, जेव्हा एरवी तिथे त्या टप्प्यांत सापडणारे रुग्ण वीस टक्क्यांच्या आसपास होते.

यातला माझ्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखा भाग तो चार आठवड्यांचा आहे. गाठ काढल्यावर हा डीएनए रक्तातून इतक्या वेगाने जातो की साधारण सव्वादोन तासांत निम्मा उरतो. म्हणजे चार आठवड्यांनंतरही तो सापडत असेल तर त्याचा झरा कुठेतरी वाहताच असला पाहिजे. निरोगी माणसात विषाणू तात्पुरता जागा होतो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्या रक्तात त्याचा मागमूस नसतो. पहिल्या अहवालावर थांबले असते तर अकराशे माणसे घाबरली असती. थांबून पुन्हा पाहिल्यामुळे आठशे जणांना एमआरआयच्या बोगद्यात जावे लागले नाही. आणि तरीही ३०९ पैकी ३४, म्हणजे दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह येऊनही दर नऊ जणांपैकी आठ जणांना कर्करोग नव्हता, हे विसरू नये.

या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो फक्त पुरुषांचा होता, त्यातले लोक नातेवाईक म्हणून निवडलेले नव्हते, आणि तुलना जुन्या रुग्णांच्या नोंदींशी केली होती, शेजारी चाचणी न केलेला गट नव्हता. लवकर सापडला म्हणून रुग्ण जास्त जगल्यासारखा दिसणे आणि खरोखर जास्त जगणे यांत फरक असतो. पण या आजारात पहिल्या टप्प्यात नुसत्या किरणोपचाराने बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि उशिराच्या टप्प्यात केमोथेरपी जोडूनही अपयश येते, हे मी रोज पाहते. त्यामुळे लवकर सापडण्याची किंमत इथे कागदावरची नाही. त्याच पुरुषांचे तीन ते पाच वर्षांनी पुन्हा रक्त घेतले गेले, तेव्हा पहिल्या फेरीत पॉझिटिव्ह येऊन ज्यांच्यात काही सापडले नव्हते अशांमध्ये नवे रुग्ण कितीतरी पट अधिक निघाले. म्हणून एमआरआय स्वच्छ आला तरी अशा माणसाची फाइल मी बंद करत नाही.

इथे व्यवहारातली एक सूचना, जिच्या अभावी मी अनेकांचे पैसे आणि झोप वाया गेलेली पाहिली आहे. ही चाचणी प्लाझ्मावरच झाली पाहिजे. अवयवरोपण झालेल्या रुग्णांसाठी बऱ्याच प्रयोगशाळा संपूर्ण रक्तातील ‘ईबीव्ही व्हायरल लोड’ मोजतात. त्यात पांढऱ्या पेशींत निपचित पडलेला विषाणूही मोजला जातो आणि निरोगी माणूसही पॉझिटिव्ह येऊ शकतो. एकदा कोहिमाचा एक तरुण असा अहवाल घेऊन विमानाने थेट माझ्याकडे आला होता; तपासणीत त्याला काहीही नव्हते. तसेच एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहू नये. विषाणूच्या जनुकसंचातला कोणता भाग मोजतात, रक्त किती वेळात गाळले, यावर आकडा बदलतो. पहिले आणि चार आठवड्यांनंतरचे रक्त एकाच ठिकाणी द्यावे.

आता त्या मिथायलेशन पॅनेलविषयी. नाव भारदस्त आहे आणि त्यामागचे विज्ञान खरे आहे, म्हणूनच ते समजून घेऊन नाकारावे किंवा स्वीकारावे. पेशीला कोणते जनुक वाचायचे आणि कोणते बंद ठेवायचे हे सांगण्यासाठी डीएनएवर मिथाइल नावाचे रासायनिक ठिपके बसवलेले असतात. अक्षरे तीच राहतात, त्यांच्यावर जणू चिकटपट्टी लागते. नॅसोफॅरिन्क्सच्या कर्करोगात ही चिकटपट्टी बेसुमार लागते; विषाणूची काही प्रथिने ठिपके लावणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) चिथावतात आणि आरएएसएसएफ-१ए, पी-१६, डीएपीके यांसारखी, पेशीला आवर घालणारी जनुके बंद पडतात. आपण विचारले आहे की या खुणा सासऱ्यांकडून मुलाकडे आल्या असतील का. नाही. या खुणा गाठीच्या पेशीत, आयुष्याच्या ओघात तयार झालेल्या असतात. ‘एपिजेनेटिक’ म्हणजे आनुवंशिक असा समज प्रयोगशाळांच्या माहितीपत्रकांनीच पसरवला आहे की काय अशी मला शंका येते.

अडचण अशी की या खुणा गाठीत उत्तम दिसतात, नाकामागून घेतलेल्या ब्रशच्या नमुन्यातही चांगल्या दिसतात, पण रक्तात पातळ होतात. गाठ लहान असेल तर रक्तात तिच्या मानवी डीएनएचे तुकडे अत्यल्प असतात, आणि एकेका जनुकाची रक्तचाचणी आजार असलेल्या रुग्णांतही अनेकदा निगेटिव्ह येते. लक्षणे नसलेल्या नातेवाइकात तर ती जवळपास नेहमीच निगेटिव्ह येईल, आणि त्या निगेटिव्ह अहवालाचा दिलासा खोटा असेल. तुलना करून पाहा : गाठीच्या प्रत्येक पेशीत विषाणूच्या जनुकसंचाच्या अनेक प्रती असतात, आणि चाचणीत विषाणूच्या ज्या तुकड्याचा शोध घेतात तो तुकडा प्रत्येक प्रतीत पुन्हा पुन्हा आलेला असतो. निसर्गानेच आवाज वाढवून दिला आहे. तो सोडून मानवी जनुकाची कुजबुज ऐकायला जाण्यात शहाणपण नाही.

एपिजेनेटिक खुणेचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी निघाला, आणि तो मला सुंदर वाटतो. मिथाइलचे ठिपके खुद्द विषाणूच्या डीएनएवरही लागतात. बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूकणातला डीएनए जवळजवळ कोरा असतो. गाठीच्या पेशीत दडून बसलेल्या विषाणूवर ठिपक्यांची वेगळीच नक्षी असते. त्यामुळे प्लाझ्मात सापडलेला तुकडा तात्पुरत्या जाग्या झालेल्या विषाणूचा की गाठीतला, हे त्या नक्षीवरून ओळखण्याकडे जाता येते. हाँगकाँगच्या त्याच गटाने तुकड्यांची संख्या आणि लांबी एकत्र पाहून पॉझिटिव्ह अहवाल खरा असण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर नेले, आणि नक्षी जोडल्यावर ते आणखी सुधारले. म्हणून प्रयोगशाळेला एकच प्रश्न विचारा : तुमचे पॅनेल मानवी जनुकांचे मिथायलेशन पाहते की प्लाझ्मातील ईबीव्ही डीएनएचे? पहिले असेल तर मी नातेवाइकासाठी त्यावर पैसे खर्च करणार नाही. दुसरे असेल, तर ती चाचणी प्लाझ्मा डीएनए पॉझिटिव्ह आल्यानंतरची पायरी आहे, आधीची नव्हे. प्रतिपिंडांच्या बाजूनेही प्रगती थांबलेली नाही. २०२३ मध्ये चीनमधील झोंगशान परिसरातील २४,८५२ लोकांच्या अभ्यासात बीएनएलएफ-२बी या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाने दोन प्रतिपिंडांच्या जुन्या जोडचाचणीपेक्षा बरीच सरस कामगिरी केली, संवेदनशीलता ९७.९ आणि विशिष्टता ९८.३ टक्के. तरीही पॉझिटिव्ह आलेल्या दहांपैकी एकालाच आजार होता.

पती माझ्यासमोर बसले असते तर मी काय केले असते ते सांगते. आधी रक्त बाजूला ठेवून चार प्रश्न विचारले असते : एकाच कानात दडा बसतो का किंवा पाणी भरल्यासारखे वाटते का, सकाळी खाकरताना कफाला रक्ताचा तार येतो का, एकच नाकपुडी सतत बंद असते का, मानेत कानाच्या खाली न दुखणारी गाठ लागते का. मग त्याच भेटीत नाकातून बारीक दुर्बीण घालून नॅसोफॅरिन्क्सच्या कडेला असणारा रोझेनम्युलरचा खळगा दोन्ही बाजूंनी पाहिला असता, कारण हा कर्करोग बहुधा तिथे सुरू होतो. त्याला पाच मिनिटे लागतात. प्लाझ्मातील ईबीव्ही डीएनए मोजला असता. तो निगेटिव्ह आणि दुर्बीण स्वच्छ असेल तर वर्षाने पुन्हा भेट, दरम्यान काळजी नको. पॉझिटिव्ह असेल तर चार आठवड्यांनी पुन्हा रक्त, आणि तेही पॉझिटिव्ह असेल तर दुर्बीण स्वच्छ दिसली तरी एमआरआय, कारण अस्तराखाली दडलेली लहान गाठ डोळ्याला दिसत नाही पण एमआरआयला दिसते. ते सिगारेट ओढत असतील तर ती सोडायला सांगितले असते. धूम्रपान करणाऱ्यांत लक्षणे नसतानाही ईबीव्ही डीएनए अधिक वेळा सापडतो आणि मग सगळा गोंधळ वाढतो.

लक्षणांना मी रक्ताच्या आधी का ठेवते, याला माझ्या स्वतःच्या चुकीचा इतिहास आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मणिपूरचा एक माणूस माझ्याकडे आला. त्याचा भाऊ याच आजाराने गेला होता. त्याचे आयजीए निगेटिव्ह होते आणि मी हसून त्याला वर्षभराने यायला सांगितले. उठता उठता तो म्हणाला होता की डावा कान पोहून आल्यासारखा वाटतो. पावसाळा होता, सर्दीची साथ होती, मी नाकात घालायचे थेंब लिहून दिले. सात महिन्यांनी तो मानेतली गाठ घेऊन आला. तो आज जिवंत आहे, पण त्याला जे उपचार घ्यावे लागले ते त्या दिवशी दुर्बीण घातली असती तर बहुधा निम्मेच घ्यावे लागले असते. हाँगकाँगच्या अभ्यासातही प्लाझ्मा डीएनए निगेटिव्ह आलेल्या एकाला वर्षाच्या आत हा आजार निघालाच होता. निगेटिव्ह अहवाल तक्रारीला उत्तर देत नाही.

मुलीला कोणतीही रक्तचाचणी करू नका. नऊ वर्षांच्या वयात ईबीव्हीचा संसर्ग नुकताच झालेला किंवा व्हायचा असू शकतो, त्यामुळे अहवालातून काहीही अर्थ काढता येत नाही. मोठी तपासणी-अभियाने साधारण तिशीनंतर किंवा चाळिशीनंतरच सुरू होतात. तिच्यासाठी करण्यासारखे एवढेच की चिनी पद्धतीची खारवलेली मासळी नेहमीच्या जेवणातून बाहेर ठेवावी. यावर मराठी वाचकांचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतो आहे : मग आमचे सुके बोंबील, सोडे, सुकट? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये निश्चित कर्ककारक ठरवली ती विशेषकरून चिनी पद्धतीची खारवलेली मासळी, जी खारवण्याआधी किंवा खारवताना थोडी मऊ, आंबूस होऊ दिली जाते आणि जिच्यात नायट्रोसामाइन तयार होतात. इतर प्रकारच्या खारवलेल्या मासळीबाबत तिने तसा निष्कर्ष काढलेला नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सुकी मासळी खाऊनही हा कर्करोग दुर्मीळच आहे. रक्तदाब असेल तर मीठ जपा, ही गोष्ट निराळी.

आपण स्वतः चाचणी करण्याचेही कारण नाही. आपले सासरच्यांशी रक्ताचे नाते नाही, आणि ज्या समाजातून आपण आलात तिथे हा आजार इतका विरळा आहे की आपला अहवाल पॉझिटिव्ह आला तर तो चुकीचाच असण्याची शक्यता प्रचंड मोठी. प्रयोगशाळेने कुटुंबाचे पॅकेज विकताना सुनेला आणि नातीला धरले आणि ज्यांना धरायला हवे होते त्यांना विसरली.

कारण हे पाहा : सख्ख्या भावंडांतला धोका आईवडिलांच्या आजारामुळे मुलांना येणाऱ्या धोक्यापेक्षा काहीसा अधिकच आढळतो. आपल्या घरात दोन सख्खे भाऊ आजारी पडले आहेत आणि त्यांची सख्खी धाकटी बहीण, जी सासऱ्यांना रोज किरणोपचारासाठी घेऊन जाते असे आपण लिहिता, तिचे नाव कोणत्याही यादीत नाही. स्त्रियांना हा आजार पुरुषांपेक्षा कमी होतो हे खरे, पण आपल्या घरात आत्ता सर्वांत आधी दुर्बिणीखाली बसायला हवे ते या आत्याबाईंनी. काकांची मुले असतील तर त्यांनाही कळवावे, आणि पतींना भावंडे असतील तर त्यांनाही. आत्याबाईंना ‘तुम्हालाही कर्करोग असेल’ असे म्हणून नेऊ नका. सासऱ्यांच्या पुढच्या भेटीला जाल तेव्हा डॉक्टरांनाच सांगा की ही त्यांची बहीण, भावाला घेऊन आली आहे, तिचेही नाक एकदा पाहून घ्या. आणि बाहेर पडण्याआधी तिला दोन्ही कानांनी सारखे ऐकू येते का, एवढे विचारा.